‘रूलिंग’ संपण्याआधीच्या बारा महिन्यांत काय करायचं

नेदरलँड्समध्ये परदेशातून कामाला आलेल्यांना मिळणारी तीस टक्के करसवलत (पगाराचा तीस टक्के भाग करमुक्त), जिला आपल्याकडे सगळे नुसतं ‘रूलिंग’ म्हणतात, ती जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. त्यानंतर कंपनी तीच, हुद्दा तोच, करारावरचा पगारही तोच, पण खात्यात जमा होणारी रक्कम एका महिन्यात शेकडो युरोंनी उतरते. ॲमस्टलव्हीन किंवा आइंडहोव्हनमध्ये घरभाडं, डेकेअर आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता एकाच पगारातून भागवणाऱ्या घराला हा फटका चांगलाच जाणवतो. मात्र तो किती बसणार, हे वर्षभर आधी जवळजवळ युरोपर्यंत काढता येतं. म्हणून तयारी आधी करायची, काटकसर नंतर.

तारीख कागदावर पाहा

‘आलो त्याला पाच वर्षं’ असा हिशोब करू नका. टॅक्स ऑफिसने, म्हणजे बेलास्टिंगडीन्स्टने, रूलिंग मंजूर केल्याचं पत्र पाठवलेलं असतं. त्यावर शेवटची तारीख छापलेली असते आणि तीच खरी. आयटीतल्या लोकांची इथे हमखास गल्लत होते. मागच्या २५ वर्षांत तुम्ही नेदरलँड्समध्ये राहिला किंवा काम केलं असेल, तर तो काळ साधारणपणे ६० महिन्यांतून वजा होतो. २०१४ साली सहा महिने ऑनसाइट येऊन गेलेल्या माणसाचं रूलिंग साडेचार वर्षांतच संपू शकतं. मध्ये नोकरी बदलली असेल तर नव्या कंपनीबरोबर पुन्हा अर्ज करावा लागतो, पण घड्याळ पहिल्याच तारखेपासून चालू राहतं. पत्र सापडत नसेल तर एचआरकडे प्रत असते.

२०२४ किंवा त्यानंतर रूलिंग सुरू झालेल्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. १ जानेवारी २०२७ पासून त्यांची सवलत ३० वरून २७ टक्क्यांवर येते. ८०,००० युरो पगारावर त्याचा फटका महिन्याला शंभर युरोंच्या आसपास आहे. सवलतीसाठी लागणारी किमान करपात्र पगाराची अटही त्याच वर्षी वाढते, त्यामुळे त्या मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्यांनी एचआरला आधीच विचारून ठेवावं. २०२३ संपण्याआधीच ज्यांना रूलिंग लागू होतं, त्यांचे ३० टक्के शेवटपर्यंत कायम आहेत.

फटका किती, हे कसं काढायचं

सोपा अंदाज असा, की आज जेवढी रक्कम करमुक्त मिळते, तिच्यातली साधारण निम्मी जाणार. कराचा टप्पा (२०२५ मध्ये) ३७.४८ टक्क्यांचा असताना निम्मी का? कारण इथे उत्पन्न वाढलं की दोन सवलतीही आटत जातात. एक सर्वांना मिळणारी करवजावट आणि दुसरी नोकरदारांची, म्हणजे ‘आल्हेमेने हेफिंग्सकोर्टिंग’ आणि ‘आर्बाइड्सकोर्टिंग’. २०२५ च्या दरांनी ४३,००० ते ७६,८०० युरोंच्या पट्ट्यात ३७.४८ अधिक ६.३३७ अधिक ६.५१, असे मिळून ५०.३ टक्के कापले जातात. त्याच्या वर पहिली सवलत शून्य झालेली असते, पण टप्पा ४९.५ टक्क्यांचा लागतो आणि दुसरी सवलत आटतच असते, म्हणून तिथे ५६ टक्के जातात.

हॉलिडे अलाउन्स, म्हणजे सहसा मे महिन्यात मिळणारा वार्षिक भत्ता, धरून वर्षाचा पगार ७०,००० युरो समजा. रूलिंग असताना कर ४९,००० वर लागतो आणि हातात साधारण ५९,२५० येतात. रूलिंग गेल्यावर हातात ४८,६८० येतात. वर्षाला १०,५७० युरो कमी. हे बारा महिन्यांत सारखं वाटलेलं नसतं. नेहमीच्या महिन्यात सुमारे ८१५ कमी दिसतात, आणि मे महिन्यात हॉलिडे अलाउन्समधून आणखी ७८० च्या आसपास जातात. भारताच्या तिकिटांचे पैसे बरेच जण मेच्या पगारातून भरतात, ते गणित आताच बदलून ठेवा. एक लाख युरो पगार असेल तर वर्षाचा फटका १६,४०० युरोंपर्यंत जातो.

या आकड्यांत पेन्शन धरलेलं नाही. काही कंपन्यांत पेन्शनचा हप्ता रूलिंगची रक्कम वजा करून उरलेल्या पगारावर मोजतात, काहींत पूर्ण पगारावर. पहिल्या प्रकारात रूलिंग संपलं की हप्ताही वाढतो आणि हातात अजून कमी येतं. एचआरला एकच प्रश्न विचारा: रूलिंग संपल्यावर माझा पेन्शनपात्र पगार बदलेल का? शक्य असेल तर पगार खात्याकडून रूलिंगशिवायची नमुना पे-स्लिपच काढून घ्या. मागितली तर बहुतेक कंपन्या देतात.

पगाराची रंगीत तालीम

आकडा हातात आला की पगार होतो त्याच दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेत लावून टाका. वरच्या उदाहरणात ८१५ युरो. बारा महिने आधी सुरुवात केली तर रूलिंग संपताना खात्यात ९,७८० युरो साठलेले असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर कमी पगारावर चालवून पाहिलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या खात्यातून पैसे परत काढावे लागले, तर नेमकं कशासाठी काढले ते लिहून ठेवा. कात्री तिथेच लावायची आहे.

भारतातल्या बांधिलक्या बारकाईने पाहा, कारण त्या इथल्या पगाराच्या जोरावर वाढलेल्या असतात. साठलेल्या पैशांतून फ्लॅटच्या कर्जाची मुद्दल कमी करून हप्ता उतरवून घेणं हा उत्तम उपयोग. भारतातल्या बँका आगाऊ भरणा आला की सहसा मुदत कमी करतात आणि हप्ता तोच ठेवतात, म्हणून ‘हप्ता कमी करा’ असं लेखी कळवावं लागतं. एसआयपीची रक्कम वर्षभर निम्म्यावर आणण्यात काही गैर नाही. खातं दर महिन्याला उण्यात नेऊन एसआयपी चालू ठेवण्यात मात्र शहाणपण नाही, कारण ओव्हरड्राफ्टचं व्याज ठरलेलं असतं आणि फंडाचा परतावा नसतो. आईवडिलांना जाणारे पैसे आम्ही कात्रीच्या यादीत शेवटी ठेवू.

इथला आरोग्य विमा वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि जुना रद्द करायची मुदत ३१ डिसेंबर. रूलिंग फेब्रुवारीत संपणार असेल, तर तुलना डिसेंबरमध्येच करून घ्या.

दुसरा फटका: डेकेअरचं अनुदान

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. डेकेअरचं अनुदान, म्हणजे ‘किंडरओप्फांगतुस्लाग’, घरातल्या दोघांच्या करपात्र उत्पन्नावर ठरतं. रूलिंगची करमुक्त रक्कम त्यात धरत नाहीत. त्यामुळे पाच वर्षं सरकारच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न ४९,००० होतं, आणि ते आता ७०,००० होणार. म्हणजे पगार कमी हातात येतो आणि त्याच वेळी अनुदानही घटतं.

अडचण अशी की अनुदान पूर्ण कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नावर मोजतात. रूलिंग जूनअखेर संपलं, तर वरच्या उदाहरणात त्या वर्षाचं करपात्र उत्पन्न ५९,००० च्या घरात जातं, आणि जानेवारीपासून मिळालेलं अनुदानही त्याच आकड्याने पुन्हा मोजलं जातं. जुलैत उत्पन्न बदलून कळवलं तरी पहिल्या सहा महिन्यांचे जादा मिळालेले पैसे परत करावेच लागतात. म्हणून ज्या वर्षात रूलिंग संपतं, त्या वर्षाच्या जानेवारीतच ‘माइन तुस्लाखन’ या अनुदानांच्या सरकारी पोर्टलवर डिजीडीने (सरकारी डिजिटल ओळखीने) लॉग-इन करून अंदाजित वार्षिक उत्पन्न बदला. आकडा काढताना रूलिंगचे महिने ७० टक्क्यांनी आणि उरलेले १०० टक्क्यांनी धरा, मेचा हॉलिडे अलाउन्स ज्या बाजूला येतो तिकडे टाका, आणि बोनस विसरू नका. वसुलीचं पत्र आलंच तर घाबरू नका, हप्ते बांधून मिळतात. पण पत्रावरच्या मुदतीत मागणी करायला हवी.

मुलांसाठीच्या ‘किंडखेबॉन्डन बुद्जेट’ या अनुदानालाही हाच नियम आहे. तिमाहीला येणारी ‘किंडरबाइस्लाग’ मात्र उत्पन्नावर अवलंबून नाही, ती तशीच राहते.

जोडीदाराची अर्धवेळ नोकरी

पगारवाढ मागून हे खिंडार भरून निघत नाही. ७०,००० च्या पगारावर गेलेलं सगळं परत मिळवायचं तर ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचा, पगार सुमारे २३,००० युरोंनी वाढवावा लागेल. मागणी जरूर करा, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

घरातला दुसरा माणूस कमवत नसेल, तर खरी वाट तिथे आहे. ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला इथे वेगळ्या परवानगीशिवाय काम करता येतं. रेसिडेन्स कार्डावर तसं छापलेलं असतं. न कमावणाऱ्या जोडीदाराची करवजावट वाया जाते. महिन्याला १,२०० युरो मिळणारी अर्धवेळ नोकरी धरली, तर वर्षाच्या १४,४०० वर २०२५ च्या दरांनी कर निघतो साधारण ४४० युरो. म्हणजे महिन्याला ११६० च्या वर हातात पडतात, ८१५ ची तूट भरून थोडे उरतातही. तेवढंच हातात यावं म्हणून मुख्य कमावत्याला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त ढोबळ पगारवाढ लागेल. दोघंही काम करू लागले की डेकेअरच्या अनुदानाचा हक्कही उघडतो. नोकरी लागताना पगाराच्या फॉर्मवर ‘लोनहेफिंग्सकोर्टिंग’ला, म्हणजे करवजावट पगारातच लावण्याला, ‘होय’ म्हणायचं, पण दोन नोकऱ्या असल्या तर एकाच ठिकाणी.

डच येत नसेल तर नोकरी शोधायला वेळ लागतो. बारा महिने आधी सुरुवात करायचं हे दुसरं कारण.

पगार खात्याकडून काय मिळू शकतं

पगार किंवा बोनस ज्या तारखेला दिला जातो, ती तारीख रूलिंगच्या मुदतीत हवी. मार्चअखेर रूलिंग संपणार आणि बोनस एप्रिलमध्ये येणार असेल, तर तो मार्चच्या पगारात देता येईल का हे दोन महिने आधी विचारा. साठलेल्या हॉलिडे अलाउन्सचंही तेच. कंपनी बांधील नाही, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

ढोबळ पगारातला किंवा हॉलिडे अलाउन्समधला भाग करमुक्त खर्चभरपाईत बदलून घ्यायची योजना बऱ्याच कंपन्यांत असते. ऑफिसला जाण्यायेण्याच्या प्रवासाला २०२५ मध्ये किलोमीटरला २३ सेंट करमुक्त देता येतात. कंपनी १५ सेंट देत असेल, तर उरलेल्या ८ सेंटांसाठी ही योजना वापरून पाहा. बदललेल्या प्रत्येक युरोमागे सुमारे ५० सेंट वाचतात.

खासगी पेन्शनच्या ‘लाइफरेंते’ योजनेत पैसे घालून कर वाचवा, असा सल्ला या काळात मिळतो. कायम इथेच राहणार असाल तर ठीक. चार-पाच वर्षांत भारतात परतायचा विचार असेल, तर पेन्शनच्या वयापर्यंत अडकणाऱ्या या पैशांत हात घालू नका.

मुदत संपण्याआधी उरकायची दोन कामं

भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता डच लायसन्समध्ये बदलून घेण्याची सोय रूलिंग चालू असेपर्यंतच आहे, कुटुंबीयांनाही. राहून गेलं तर डच शिकवणी आणि परीक्षा, म्हणजे हजारो युरोंचा खर्च. अर्ज नगरपालिकेत करायचा, आणि निदान तीन महिने हाताशी ठेवायचे.

दुसरं भारतातल्या मालमत्तेचं. २०२३ संपण्याआधीच रूलिंग लागू असलेल्यांपैकी काहींनी अंशतः अनिवासी करदात्याचा पर्याय घेतला आहे. तो रूलिंगबरोबर, आणि काही झालं तरी ३१ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यानंतर भारतातल्या एफडी आणि म्युच्युअल फंड ‘बॉक्स ३’मध्ये, म्हणजे रिटर्नच्या बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवावे लागतात. २०२५ मध्ये माणशी ५७,६८४ युरोंपर्यंत कर नाही, जोडप्याला त्याच्या दुप्पट. भारतातला फ्लॅटही दाखवायचा असतो, पण त्यावर दुहेरी कर टाळण्याची सूट मागता येते. शिल्लक १ जानेवारीची धरतात, म्हणून त्या दिवशीची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट उतरवून ठेवा.

रूलिंगनंतरची पहिली पे-स्लिप

करमुक्त भत्त्याची ओळ गेली आहे का, पेन्शनचा हप्ता कितीवर मोजला आणि ‘लोनहेफिंग्सकोर्टिंग’ चालू आहे ना, हे तपासा. चुकून एखादा महिना भत्ता तसाच आला तर खर्च करू नका, पगार खात्याला लगेच कळवा. तो पुढे परत कापला जाणारच.

मोठ्या पगाराच्या लोकांनी आणखी एक पाहावं. बोनस आणि हॉलिडे अलाउन्सवर कापायचा कर आदल्या वर्षाच्या करपात्र पगारावरून ठरतो, आणि आदल्या वर्षी तो रूलिंगमुळे कमी होता. एक लाख पगाराच्या माणसाचा ७,४०० युरोंचा अलाउन्स २०२५ च्या दरांनी ५६ ऐवजी ५०.३ टक्क्यांनी कापला जातो. उरलेले ४२० युरो पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर मागायला येतात, बोनस असेल तर त्याहून जास्त. मे महिन्यातच ते बाजूला काढून ठेवा.