उजेडावर हलणारी शिल्पं करताय? या चुका टाळा आणि माझंही डोकं वाचवा

गणपतीला महिना राहिला की मेसेज सुरू. "दादा, उजेड पडला की फूल उमलायला हवंय, कोड पाठवा ना." अरे कोड वीस-पंचवीस ओळींचा असतो, त्यात काय ठेवलंय, घोळ असतो तो भलतीकडेच, आणि दरवर्षी तोच. म्हणून एकदाच लिहितोय.

पहिली चूक, सगळ्यात लाडकी. सेन्सर शिल्पाच्या पोटात बसवायचा. ही मी स्वतः केलीय, तीही भर आरतीत.

घरच्या गणपतीमागे ब्रह्मकमळ करायचं ठरवलं होतं. खरं ब्रह्मकमळ रात्री उमलतं म्हणून हेही अंधार झाला की उमलणार. फोम शीटच्या पांढऱ्या पाकळ्या, खाली एक सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी छोटी मोटर, आणि ओढायला सायकलचे स्पोक. एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, कुठे लावायचा? म्हटलं मधोमध, केसरांच्या जागी, दिसतोही छान. टेस्ट केली ती पाकळ्या न लावताच, रात्रीचा एक वाजला होता. एलडीआरवर बोट ठेवलं, सर्व्हो फिरला, काढलं, परत आला. झालं काम, झोपा.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या चिकटवल्या, सरप्राइज म्हणून थेट आरतीच्या वेळी प्लग लावला. 'सुखकर्ता' सुरू झाली आणि फूल फडफडायला लागलं. म्हणजे काय होत होतं बघा, मिटलं की आत पाकळ्यांची सावली, सावली म्हणजे याच्या लेखी रात्र, म्हणून उमललं, उमललं की ट्यूबलाइटचा उजेड आत, उजेड म्हणजे दिवस, म्हणून मिटलं, मिटलं की परत रात्र. सेकंदाला एकदा. मावशी टाळ्या वाजवता वाजवता म्हणाली, "हे कमळ आहे का जाळ्यात अडकलेलं कबूतर?" मधेच उठणार कसं, सगळे उभे. 'घालीन लोटांगण'पर्यंत ते तसंच चाललं आणि शेवटी कापराच्या वासात सर्व्होचा जळका वास मिसळला.

तेव्हापासून माझी सवय अशी की एलडीआर शिल्पावर लावतच नाही. लांब वायर घेतो, मखराच्या वरच्या कडेला नेतो, आणि त्यावर काळ्या हीटश्रिंकची (तापवली की आवळते ती प्लास्टिकची) इंचभर नळी चढवतो, म्हणजे तो एकाच दिशेला बघतो. शिल्पाची सावली, त्यातल्या एलईडीचा उजेड, काहीच त्याला दिसता कामा नये. आणि आर्डुइनो, म्हणजे कोड चालवणारा छोटा बोर्ड, उजेडाचा जो आकडा वाचतो, त्यावर मर्यादेचे आकडे दोन ठेवायचे, एक नाही. माझ्याकडे एलडीआर ५ व्होल्टला आणि १० के (किलोओहम) चा रेझिस्टर ग्राउंडला (मायनसला) असतो, म्हणजे उजेड वाढला की आकडा वाढतो, ० ते १०२३ मध्ये. ३०० च्या खाली गेला तर उमल, ४५० च्या वर गेला तर मीट, मधे काही करू नकोस. एकच आकडा ठेवला तर संध्याकाळी बरोबर त्या आकड्यावर ते थरथरत बसतं. हे ३०० आणि ४५० माझ्या हॉलचे आहेत हां, तुमच्या घरी चालणार नाहीत. एक संध्याकाळ सेन्सर हातात धरून नुसते आकडे कागदावर लिहायचे. हे कोणालाच करायचं नसतं.

दुसरी चूक, सर्व्होला पॉवर आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून. तो निळा छोटा एसजी९० नऊ ग्रॅमचा दिसतो म्हणून लोक फसतात. अडकला की सहा-सातशे मिलिअँपिअर ओढतो आणि यूएसबीवरून हक्काचे मिळतात ५००. मग व्होल्टेज पडतं, बोर्ड रिसेट होतो, चालू झाल्या झाल्या सर्व्होला झटका देतो, परत व्होल्टेज पडतं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा चार रात्री कोड बदलत होता, मी जाऊन त्याचा जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाइल चार्जर सर्व्होला जोडला, ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडला, विषय संपला. ग्राउंड एकत्र करायला विसरू नका, नाहीतर सर्व्हो अंगात आल्यासारखा नाचतो.

बाकीच्या किरकोळ.

एसजी९० ची ताकद १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला १८० ग्रॅमवर तो हात टेकतो. मी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात नाही.

हलणाऱ्या भागाला सिंगल कोअर वायर नको, वाकून वाकून आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मल्टीस्ट्रँड घ्या.

सर्व्होच्या हॉर्नला (दांड्यावरच्या प्लास्टिकच्या पात्याला) सुपरग्लू लावू नका, स्क्रू असतो त्यासाठी.

ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही, एलडीआरच्या आकड्यात मात्र उतरतं. एका आकड्यावर निर्णय नको, दहा मिलिसेकंदाच्या पटीत वेळ घेऊन सरासरी काढा.

गॅलरीत ठेवणार असाल तर १० के चा रेझिस्टर नको. घरात काहीशे लक्स (उजेडाचं माप), दुपारच्या उन्हात लाखभर, आकडा हजाराला चिकटून बसतो. १ के लावून बघा.

आणि घाई. शिल्पकार निकोलस शॉफरने १९५६ मध्ये उजेड आणि आवाज ओळखून स्वतः फिरणारं शिल्प केलं, फोटोसेल, मायक्रोफोन, सगळं सर्किट फिलिप्सच्या इंजिनिअरांना हाताशी धरून. आपल्याला तेच पुण्याच्या तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पिशवीभर मिळतं, तरी मेसेज येतो, "परवा स्थापना आहे, आज होईल का?" नाही होणार. परवासाठी एक पंखा आणि थोडे कागदाचे पक्षी टांगा, छान हलतात.

हां, एक राहिलंच. सर्व्होच्या प्लस-मायनसवर ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, झटके कमी होतात. त्याच्या अंगावर फिका पट्टा असतो ती बाजू मायनस. उलटा लावला तर फुटतो, सुतळी बॉम्बएवढा नाही, पण आजोबा दचकून उठतात.