दिवेलागणीला घर खायला उठतं तेव्हा

2020 साली आषाढीची पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही दिंडीतल्या बायकांनी ते टीव्हीवर बघितलं. पुढच्याच वर्षी आमचे हे कोरोनात गेले. तेराव्यापर्यंत दारात कोणी येऊ शकलं नाही. इतकी वर्षं टाळ-मृदंगाच्या गजरात भेटणारा देव दोन खोल्यांत एकटीने कुठे शोधायचा, हे कोणी शिकवलं नव्हतं. धडपडत जे जमलं, ते सांगते.

दिवसातली सगळ्यात जड वेळ कोणती ते आधी ओळखा आणि नेमकी तीच देवाला द्या. माझी दिवेलागण होती. कुकर लावायचा तो कोणासाठी, या विचाराने हातपाय गळायचे. पहाटे उठून मोठी पूजा करायचे संकल्प करू नका. चार दिवसांत मोडतात आणि वर अपराध्यासारखं वाटत राहतं. मी फक्त निरांजन लावून हरिपाठाला बसायचे. 27 अभंग व्हायचे नाहीत. पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगितलंय, तेवढंच धरलं. एकच अभंग, पण मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की मन भलतीकडे पळतं. आवाज निघाला की भिंतींनाही ऐकू जातो.

मध्येच रडू आलं तर येऊ द्या. भांडावंसं वाटलं तर भांडा, नामदेवरायसुद्धा विठ्ठलाशी भांडले आहेत. मी दोन महिने तसबिरीपुढे एकच विचारत होते, ‘मला का मागे ठेवलंस?’ उत्तर आलं नाही. पण रोज विचारत होते म्हणजे समोर ऐकणारा कोणी आहे हे धरूनच चालले होते, आणि ते फार उशिरा माझ्या ध्यानात आलं. ‘देवाची इच्छा’ म्हणून तुम्हाला गप्प करणाऱ्यांकडे त्या दिवसांत लक्ष देऊ नका.

जनाबाई दळता-कांडता नाम घ्यायची. आपल्याकडे जातं नसलं तरी कणीक आहे, सोलायचा लसूण आहे. 108 मण्यांची माळ ओढताना माझा हिशोबच जास्त व्हायचा. कणीक मळताना मात्र ‘विठ्ठल विठ्ठल’ आपोआप हाताच्या लयीत बसतं.

दिंडीतली एक मैत्रीणही एकटीच असते. आम्ही रात्री आठला फोन स्पीकरवर टाकतो. एक चरण तिचा, एक माझा. असं कोणीतरी एक शोधाच.

आणि झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीअपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत. मी गोळ्या घेतल्या. त्या घेऊनही हरिपाठ म्हणता येतो.

आता गुडघ्यांमुळे वारी होत नाही. पालखीच्या मुक्कामांची यादी वहीत लिहून ठेवते: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. ज्या संध्याकाळी माउली जिथे असतील, त्या गावाचं नाव घेऊन गॅलरीतल्या तुळशीशी दिवा लावते, आणि तिथल्या तिथे जमेल तेवढं चालते.