आईच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण नाकारले गेले तेव्हा

नाशिकमध्ये आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा दावा मंजूर झाल्यानंतर विमा कंपनीने ‘पॉलिसी पुढे नूतनीकृत होणार नाही’ असे पत्र पाठवले, आणि सत्तरीच्या आईला नवी पॉलिसी कोण देणार, या काळजीने घरात सगळ्यांचीच झोप उडाली.

पत्र नीट वाचल्यावर लक्षात आले की हे रद्दीकरण नव्हे, कारण रद्दीकरण मुदत चालू असताना होते आणि कंपनीला ते फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती लपवणे अशा कारणांवर, लेखी सूचना देऊनच करता येते. येथे प्रश्न नूतनीकरणाचा होता, आणि आधी दावा केला एवढ्याच कारणावरून आरोग्य विम्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही, असे विमा नियामकाचे स्पष्ट नियम आहेत.

म्हणून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करून नकाराचे कारण लेखी मागितले, आणि उत्तर मोघम आल्यावर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवून पत्राची प्रत जोडली. मुदत संपली तरी वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला हप्ता भरण्यासाठी ३० दिवसांची जादा मुदत असते, एवढा मात्र धीर होता. पण त्या काळात हप्ता भरलेला नसेल तर संरक्षण मिळेलच असे धरून चालू नये.

अखेर कंपनीने नूतनीकरणाची लिंक पाठवली. तसे झाले नसते, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागण्याची कागदपत्रे मी तयारच ठेवली होती.