जुन्या जीपचं स्टिअरिंग ढिलं झालंय? बॉक्सला पाना लावण्याआधी या चुका टाळा

सीजे-३बी असो की त्याआधीची विलीस, जुनी जीप बाळगणाऱ्याची तक्रार ठरलेली: स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म. मग बॉनेट उघडायचं आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळायचा. पहिली चूक इथेच होते.

मीही केली आहे. अंगणात उभ्या गाडीत पाव-पाव फेरा करत स्क्रू आवळला, प्ले (ढिलेपणा) गेला, स्वारी खूश. दुसऱ्या दिवशी पसरणी घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर स्टिअरिंग वळलं ते वळलेलंच राहिलं. दर वळणाला हाताने ओढून सरळ करत कशीबशी पाचगणी गाठली.

झालं काय होतं? या जीपला रॉस पद्धतीचा कॅम आणि लिव्हरचा बॉक्स असतो. स्टिअरिंगसोबत फिरणाऱ्या कॅमच्या खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना फिरतात. गाडीचा बराच वेळ सरळ चालण्यात जातो, त्यामुळे खाच मधोमध झिजते आणि टोकांना जवळपास नवीच राहते. मधला प्ले काढायला स्क्रू आवळला, की पिना टोकाकडे जाऊन आवळतात. शिवाय हा स्क्रू दुसऱ्या नंबरचा. आधी वरच्या कव्हरखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करून कॅमचा वरखाली प्ले घालवायचा, मग स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून स्क्रू. हे सगळं ड्रॅग लिंक (बॉक्सची ओढ पुढे नेणारा दांडा) सोडवून करा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठे जड लागलं तर सेटिंगने ते दुखणं जाणार नाही, कॅम आणि लिव्हर बदलावेच लागतील.

पण बॉक्सपर्यंत जायची वेळ बहुधा येतच नाही. चाकं जमिनीवर राहू द्या, जॅक लावू नका. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची. अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. ढिला सांधा बोटाखाली ‘टक’ करतो, डोळ्यांना दिसायच्या आधी तो बोटांना कळतो.

ही टक मला सगळ्यात जास्त वेळा बेल क्रँकवर सापडली आहे. पुढच्या क्रॉस मेंबरवर पिनेभोवती फिरणारा हा तुकडा ड्रॅग लिंककडून ओढ घेऊन दोन्ही टायरॉडना, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांना देतो. आत नीडल बेअरिंग असतात. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यामुळे सुया पिनेत खाचा पाडतात. अशा वेळी नुसती बेअरिंग बदलणं म्हणजे फाटक्या कापडाला नवा दोरा. पिन आणि बेअरिंग एकदमच बदला. मूळच्या ६.००-१६ टायरऐवजी रुंद टायर चढवले असतील तर सगळा जादा भार इथेच येतो, हेही ध्यानात ठेवा.

ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून तसाच सोडू नका. आत स्प्रिंग आहे, तिला हलायला जागा हवी. घट्ट आवळून थोडा मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी पिन सरळ करून परत घालणं, तारेचा तुकडा अडकवणं, हे प्रकार स्टिअरिंगला चालत नाहीत. टायरॉड एंडच्या नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट किंचित पुढे आवळा, कधीही मागे ढिला करू नका.

ड्रॉप आर्म (बॉक्सपासून ड्रॅग लिंकला ओढणारा हात) निघत नाही म्हणून गॅस लावणं, चीर गेली म्हणून वेल्डिंग मारणं: यावर माझं मत कडक आहे. तो फोर्जिंगचा भाग आहे, तापवलात की त्याचं पाणी उतरलं. पुलर लावा, ताण द्या, आर्मच्या भोकाच्या कडेला हातोडीचा ठोका द्या, निघतो. चिरलेला आर्म सरळ भंगारात.

आता वॉबलिंग. खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाहीत. यावर डॅम्पर (थरथर शोषणारा दट्ट्या) बसवून मोकळं होणारे पुष्कळ. डॅम्पर थरथर लपवतो, प्ले तसाच राहतो. आधी किंगपिन बघा, म्हणजे ज्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. चाक उचलून खाली घोडी लावा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर गायब झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. किंगपिनचे शिम काढतानाही हात आखडता ठेवा. फार आवळलं तर तीच पसरणी घाटातली गत.

बॉक्समध्ये चाकाचं जाड ग्रीस भरू नका. पिना ते बाजूला सारतात, ते परत वाहून येत नाही आणि कॅम कोरडा फिरतो. गळती असेल तर सील बदला, बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइलच घाला.

परदेशातून सुटे भाग मागवताना नुसत्या फोटोवर जाऊ नका. तिकडच्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे असू शकतं.

सगळं जोडून झाल्यावर टो-इन. आधी बेल क्रँक मध्यावर ठेवा, मग एकेक टायरॉड जुळवा. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर त्यांच्या मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला १.२ ते २.४ मिलिमीटर कमी हवं. दोन्ही वेळा टायरवरच्या त्याच खुणेवर मोजा: पुढे मोजलं की गाडी ढकलून खूण मागे न्या आणि मग मोजा, नाहीतर वाकड्या रिमचं माप टो-इन म्हणून धराल.