दुकानं फक्त सात ते अकरा: आठवड्याची भाजी आणि महिन्याचा किराणा कसा पुरवायचा

हे लिहिलं ते एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. महाराष्ट्रात परत एकदा किराणा आणि भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी होती, आणि साडेदहा वाजले की दुकानासमोर जी झुंबड उडायची ती बघून पोटात गोळा यायचा. त्याच्या आदल्या वर्षी, २५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याच्या दिवशी लॉकडाऊन लागला तेव्हा सगळेच गोंधळले होते, उद्या काय मिळेल काय नाही काहीच कळत नव्हतं, म्हणून दिसेल ते पिशवीत भरलं गेलं. २०२१ मध्ये तसं करायची गरज नव्हती. दूध येत होतं, भाजी येत होती, वाण्याकडे माल होता. आपल्याला एवढंच करायचं होतं की आठवड्यातून एकदाच बाहेर पडायचं, घरातल्या एकानेच पडायचं, आणि आणलेलं काहीही फुकट घालवायचं नाही. चार माणसांच्या घराच्या हिशोबाने लिहितेय, तुमच्याकडे जास्त-कमी असतील तसं बघा.

सगळ्यात आधी भाजीचा क्रम डोक्यात पक्का करा, कारण बाकी सगळं यावर चालतं. आणल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाज्या, म्हणजे मेथी, पालक, चुका, जे मिळेल ते. मग भेंडी, गवार, वांगी, फ्लॉवर. त्यानंतर दुधी, दोडका, शिमला. आठवडा संपत आला की कोबी, गाजर, बीट, आणि शेवटी बटाटा, सुरण, लाल भोपळा. अख्खा न कापलेला लाल भोपळा फ्रिजबाहेर महिनाभर आरामात टिकतो, त्यामुळे एक छोटा भोपळा घरात असू द्याच. "आज काय खावंसं वाटतंय" यापेक्षा "आज काय आधी संपवायला हवं" हे बघून भाजी ठरवली की सडलेल्या भेंड्या कचऱ्यात टाकायची वेळ येत नाही, आणि रोज सकाळी काय करू काय करू हा डोक्याचा भुंगाही थांबतो.

आता ठेवायचं कसं. कोथिंबिरीचं नीट सांगते, कारण सगळ्यात लवकर तीच जाते. जुडी आणली की सोडा, धुवू नका अजिबात. पिवळी, काळी पडलेली पानं काढून टाका, मुळं कापा, पेपरवर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा म्हणजे बाजारात मारलेलं पाणी उडून जाईल. मग स्टीलच्या डब्यात खाली कोरडा सुती कपडा, वर कोथिंबीर सैलसर, दाबून भरायची नाही, वरून परत कपडा आणि घट्ट झाकण. दोन-तीन दिवसांनी डबा उघडून कपडा ओलसर झाला असेल तर बदला आणि खराब दिसणारी काडी काढून टाका, एक सडली की बाकीच्यांना लागण होते. असं केलं की आठवडा काय, दहा दिवसपण जाते. मेथी निवडून अशीच ठेवायची, पण ती दोन दिवसांत संपवाच. मिरच्यांचे देठ काढून कोरड्या डब्यात ठेवा. टोमॅटो जास्त पिकले तर सरळ मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, आमटीला दोन क्यूब टाकले की झालं. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना मोड येतात आणि कांदे मऊ पडतात. दोन्ही अंधाऱ्या हवेशीर जागी, पण वेगवेगळे.

आणि हो, भाजी साबणाने धुवू नका, सॅनिटायझर तर नकोच नको, ते पोटात जायची वस्तू नाही. वापरायच्या आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की पुरे. पिशव्या-पुड्यांवरून कोरोना होण्याची शक्यता खूप कमी आहे हे आता डॉक्टर लोक स्पष्ट सांगतायत, खरा धोका आहे तो बंद जागेत आणि गर्दीत एकमेकांच्या श्वासातून. त्यामुळे दुधाच्या पिशव्या घासत बसण्यापेक्षा नाक झाकेल असा मास्क लावा, साडेसातलाच बाजारात जा, यादी हातात ठेवा, आणि घरी आल्यावर हात साबणाने २० सेकंद धुवा.

आठवड्यातले दोन-तीन दिवस कडधान्यांचे धरा, म्हणजे भाजीवरचा भार आपोआप कमी होतो. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, काळे वाटाणे, थोडं थोडं सगळं असू द्या. मटकी रात्री भिजत घातली, सकाळी पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. मोड दिसले की लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका, बाहेर राहिली तर वास येतो आणि चिकट होते. पण माझी खरी शिफारस कडव्या वालांची. त्याला वेळ लागतो म्हणून एरवी आपण करत नाही आणि लॉकडाऊनमध्ये घरात हात भरपूर असतात. रात्रभर भिजवायचे, दिवसभर किंवा थोडं जास्त बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात घालायचे म्हणजे सालं फुगतात, आणि मग सगळ्यांनी जमिनीवर परात मध्ये घेऊन बसायचं. मोडाच्या बाजूने हलकंच दाबलं की डाळिंबी टुपकन बाहेर येते, आमच्याकडे पोरांना हे इतकं आवडतं की मोबाईल बाजूला पडतो आणि कुणाची वाटी आधी भरते यावर पैजा लागतात. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या परतून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या, डाव फार फिरवायचा नाही नाहीतर मोडतात. शिजल्यावर आमसूल, गूळ, मीठ, ओलं खोबरं. त्या दिवशी वेगळी भाजी लागत नाही.

किराण्याचा अंदाज काढायला सोपी पद्धत आहे, रोज काय किती लागतं ते मोजा आणि तीसने गुणा. रोज एक वाटी तूरडाळ शिजत असेल, साधारण दीडशे ग्रॅम, तर महिन्याला साडेचार किलो. किलोभर कणकेच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात, त्यावरून गव्हाचा हिशोब घालता येतो. त्यापुढे फार तर आठवडाभराचं जास्तीचं ठेवा, त्याहून जास्त साठवू नका कृपा करून, आपण दहा किलो साखर उचलली की मागच्या माणसाला एक किलोसुद्धा मिळत नाही, आणि रोजच्या कमाईवर रोजचं आणणाऱ्याला तर साठा करायची सोयच नसते. शिवाय एप्रिल-मे मध्ये पिठात आणि रव्यात अळ्या फार लवकर होतात. रवा आणला की कोरडाच मंद गॅसवर भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरा, उपम्या-शिऱ्याला तेवढाच वेळ वाचतो. दळण एकदम महिन्याचं न आणता पंधरा दिवसांचं आणा. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवून ठेवायची आपल्या आज्यांची पद्धत आजही उत्तम आहे, वापरताना धुवून घ्यायचं फक्त.

दह्याचं विरजण संपू देऊ नका, शेवटचं दही वाढताना एक चमचा वाटीत काढून ठेवायची सवय सगळ्या घराला लावा. संपलंच तर कोमट दुधात देठासकट दोन हिरव्या मिरच्या बुडवून रात्रभर ठेवा. पहिलं दही जरा पातळ लागेल, पण त्याचं विरजण घेऊन दुसऱ्यांदा लावलं की छान घट्ट लागतं.

गॅस जपायचा असेल तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून, कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकावर एक लावा.

आता कामाचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सगळे घरात असले की खाणं चार वेळा होतं आणि ओटा दिवसभर आवरलेला राहतच नाही, आणि बहुतेक घरांत हे सगळं एकाच बाईच्या अंगावर येतं, तिचंही ऑफिस घरूनच चालू असतं हे कुणाच्या लक्षातसुद्धा राहत नाही. "मदत कर" असं सांगून काही होत नाही, कामं नावावर करून द्या. प्रत्येकाचं ताट-वाटी-भांडं वेगळं ठरवा आणि जेवल्यावर ज्याचं त्याने घासायचं, दहा वर्षांचा मुलगा असला तरी. चहा एका माणसाकडे, कणीक मळणं दुसऱ्याकडे, कपडे वाळत घालणं आणि घड्या तिसऱ्याकडे. ज्यांना मीटिंगमध्ये नुसतं ऐकायचं असतं त्यांनी कॅमेरा बंद करून शेंगा सोलाव्यात, लसूण निवडावा, खूप काम उरकतं. कुकर मात्र मीटिंगच्या आधी लावा, शिट्ट्यांमध्ये बोलणं कठीण. आणि रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद, ज्याला भूक लागेल त्याने चुरमुरे, लाडू डब्यातून घ्यावेत, नवीन भांडं निघणार नाही.

कामाला येणाऱ्या ताई येऊ शकत नसतील तरी त्यांचा पगार पूर्ण द्या, न मागता द्या, महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच. त्यांच्या नवऱ्याचं कामही बहुतेक बंद असतं, रिक्षा असो की बांधकाम, आणि घरभाडं काही थांबत नाही. कापून देऊ नका.

सोसायटीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना फोन करून "काही हवंय का?" असं विचारू नका, ते "नको गं, सगळं आहे" म्हणणार हे ठरलेलं आहे. त्याऐवजी आदल्या दिवशी म्हणा, "काकू, मी उद्या साडेसातला भाजीला जातेय, तुमची यादी सांगा, लिहून घेते." मग दूध-ब्रेडपासून बीपीच्या गोळ्यांपर्यंत सगळं निघतं. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो मागवा म्हणजे नावात घोळ होणार नाही. सामान दाराबाहेर खुर्चीवर ठेवा, बिल पिशवीत टाका, बेल वाजवून चार पावलं मागे उभ्या राहा आणि मास्क न काढता दोन मिनिटं बोला. पैसे देतील ते घ्या, नको नको म्हणत बसलात तर पुढच्या वेळी त्या यादी सांगणार नाहीत.