क्लाउड शिकताय? या चुका टाळा, बंद कूलरचंही भाडं लागतं

नागपुरात खोली करून राहणारी पोरं उन्हाळ्यात कूलर भाड्यानं आणतात. लग्नाला गावी गेलो, आठवडाभर कूलर बंदच होता, म्हणून दुकानदार भाडं कमी करतो काय? क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेली मशीन. तिचं पहिलं बिल पाहून हादरणाऱ्यांची गफलत नेमकी हीच असते.

एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, इन्स्टन्स (भाड्याची मशीन) ‘स्टॉप’ केला की मशीनचं मीटर थांबतं. तिला जोडलेली डिस्क मात्र तुमच्याच नावावर असते आणि तिचं भाडं चालू राहतं. इलॅस्टिक आयपी (मशीनचा न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेऊन ठेवला असेल तर त्याचंही. १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. काम संपलं तर ‘टर्मिनेट’ करा, म्हणजे मशीन कायमची पुसा, मग व्हॉल्यूम (डिस्क), स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती) आणि आयपीच्या याद्या उघडून उरलंसुरलं काढा. नॅट गेटवे (खासगी मशिनींना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) तर शिकताना बनवूच नका. त्यातून एक बाइट गेला नाही तरी तासाचे पैसे पडतात.

जुने व्हिडिओ अजून ‘वर्षभर फ्री, महिन्याला ७५० तास’ सांगत बसलेत. १५ जुलै २०२५ पासून उघडलेल्या खात्यांचा हिशेब वेगळा आहे: सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट, ठरावीक कामं केली तर आणखी १०० पर्यंत, आणि फ्री प्लॅन सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. पण नुसता अलर्ट ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही.

‘काल बनवलेली मशीन गायब झाली!’ नाही झाली. कन्सोलच्या (एडब्ल्यूएस चालवायच्या वेबपानाच्या) वरच्या कोपऱ्यात रीजन, म्हणजे मशिनी ठेवलेला भाग, पाहा. मशीन मुंबईत बनवलेली असते आणि तुम्ही शोधत असता नॉर्थ व्हर्जिनियात. भारतात एडब्ल्यूएसचे दोन रीजन आहेत, मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून. अ‍ॅझुरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) ‘सेंट्रल इंडिया’ दिसलं की आपल्याला नागपूरचा झिरो माइल आठवतो, पण ते आहे पुण्यात!

सगळ्यात जास्त वेळ खातं ते एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची वाट. मे महिन्यातली गोष्ट: दुपारी लाइट गेली, आली, आणि सकाळी नीट चालणाऱ्या मशीनला जोडलं जाईना. मी ती पुसून नवी बनवली, दीड तास घालवला. मशीन ठणठणीत होती. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनपर्यंत कोणी यायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, फक्त ‘माय आयपी’ला उघडं होतं, आणि राउटर पुन्हा सुरू झाल्यावर घरचा आयपीच बदलला होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात तरी हेच होतं. नियम अपडेट करा, काम झालं. वैतागून ०.०.०.०/० टाकू नका; दार सगळ्या जगाला उघडं राहतं आणि लॉगमध्ये अनोळखी लोकांचे लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात.

म्हणून एरर नीट वाचा. ‘टाइमआउट’ म्हणजे तुमची हाक पोहोचलीच नाही: सिक्युरिटी ग्रुप तपासा, आणि मशीन स्टॉप-स्टार्ट केली असेल तर तिचा बदललेला पब्लिक आयपीही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे हाक पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. मशीन नुकतीच सुरू होत असेल तर मिनिटभर थांबा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर दारापर्यंत पोहोचलात, किल्ली किंवा नाव चुकलं. उबुंटूवर युजर ‘उबुंटू’, अ‍ॅमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-युजर’. लिनक्स किंवा मॅकवर किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येत असेल तरी एसएसएच ती नाकारतं. परवानगी ४०० करा, म्हणजे ती फक्त मालकाला वाचता येईल.

यातलं निम्मं क्लाउडचं नाहीच, नेटवर्किंग आणि लिनक्सचं आहे. दोनशे सर्व्हिसेसची नावं पाठ करून घेणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी महिनाभर या दोन गोष्टींना द्या, असं माझं मत.

रूट (मुख्य) खात्याला एमएफए (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) लावा आणि रोजच्या कामाला वेगळा युजर ठेवा. अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामनं खात्यात शिरायची किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकली असेल, तर नुसती फाइल पुसून भागत नाही; जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या आवृत्तीत) ती तशीच असते. आधी कन्सोलमध्ये जाऊन की बंद करा, मग सगळे रीजन फिरून पाहा, तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी मशिनी चालू केल्या आहेत का ते.