महिला आइस हॉकीचा नवा विद्यापीठ संघ उभारताना या चुका टाळा

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात महिला आइस हॉकीचा नवा संघ उभा राहतो, तेव्हा प्रशिक्षकाची सर्वांत महागडी चूक बर्फावर नव्हे, तर खेळाडूंची यादी करताना होते आणि तिचे परिणाम चार वर्षांनी दिसतात. यादी कोरी असते, उत्साह दांडगा असतो आणि शाळा नुकतीच संपवलेल्या मुलींनी सगळ्या जागा एकदम भरल्या जातात. पहिल्या हंगामात या अठरा वर्षांच्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूंसमोर उभ्या राहतात आणि हरतात. तेवढे सोसता येते. चौथ्या हंगामात मात्र हाच संघ मुरतो, जिंकू लागतो, आणि त्याच उन्हाळ्यात सगळ्या जणी पदवी घेऊन एकदम बाहेर पडतात.

यावर उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी चार वर्षांचा तक्ता मांडणे. पूर्वी या खेळासाठी अठरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५-२६ पासून, खेळाडूंना क्रीडा-उत्पन्नातला वाटा देणारी महसूल-वाटपाची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांसाठी ती जाऊन २६ खेळाडूंची मर्यादा आली आहे. पंधरा आघाडीच्या, आठ बचावाच्या आणि तीन गोलरक्षक असा हिशोब धरला, तर दरवर्षी सहा-सात जणी येतात आणि तेवढ्याच जातात. हे चक्र सुरू व्हायचे असेल, तर पहिल्या वर्षी चार-पाच जागा मोकळ्या ठेवण्याचे धैर्य हवे, आणि दुसऱ्या विद्यापीठांत खेळलेल्या काही मोठ्या मुली ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून, आणायला हव्यात. मात्र अर्धा संघ पोर्टलमधून उभा केला, तर तोही दोन वर्षांत रिकामा होतो. तीन गोलरक्षक एकाच इयत्तेतल्या नसाव्यात, हे वेगळे सांगायला नको. तरीही ही चूक वारंवार होते, कारण गोलरक्षकाचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. खरे तर नव्या संघावर सर्वाधिक फटके येतात, म्हणून तिचा शोध सर्वांत आधी घ्यायला हवा.

दुसरी चूक अपेक्षेची आहे. मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठाचे उदाहरण हमखास दिले जाते: १९९९-२००० मध्ये संघ सुरू झाला आणि २००१ साली, म्हणजे दुसऱ्याच हंगामात, त्याने एनसीएएची (अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था) पहिली महिला आइस हॉकी स्पर्धा जिंकली. पण तिथल्या प्रशिक्षक शॅनन मिलर यांनी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या संघाला मार्गदर्शन केले होते, जगभरच्या खेळाडू त्यांना ठाऊक होत्या आणि स्वीडनच्या मारिया रूथसारखी खेळाडू त्यांच्याकडे आली. त्याच हंगामात सुरू झालेल्या विस्कॉन्सिनला पहिले विजेतेपद २००६ मध्ये, सातव्या हंगामात मिळाले. पेन स्टेटकडे तर पैसा आणि मोठे नाव दोन्ही होते. तरी २०१२-१३ मध्ये पहिल्या श्रेणीत उतरलेला त्यांचा महिला संघ एनसीएए स्पर्धेत प्रथम पोहोचला तो २०२३ मध्ये, अकराव्या हंगामात. माझ्या मते नव्या प्रशिक्षकाने क्रीडा संचालकांसमोर डुलुथचा नव्हे, पेन स्टेटचा आलेख ठेवावा, कारण तोच प्रामाणिक आहे.

बर्फाची वेळ हा प्रश्न तर नोकरीच्या मुलाखतीतच विचारला पाहिजे. पेन स्टेटला सप्टेंबर २०१० मध्ये पेगुला दांपत्याची ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर झाली, पण नवी रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, ऑक्टोबर २०१३ मध्ये उघडली. महिला संघाचा पहिला हंगाम जुन्या रिंकवरच गेला. जिथे देणगी नाही, तिथे गावची सार्वजनिक रिंक भाड्याने घ्यावी लागते, आणि मुलांची हॉकी, फिगर स्केटिंग व हौशी मंडळी यांच्यातून उरलेली वेळ वाट्याला येते: पहाटे साडेपाच किंवा रात्री दहा. मुली वर्गात पेंगतात, सरावात पाय जड पडतात आणि प्रशिक्षकाला वाटते की मेहनत कमी पडते आहे. अशा वेळी सराव वाढवू नये, रिंकच्या वेळेचा करार सुधारून घ्यावा. ठरावीक वेळ, कपडे बदलण्याची कायमची स्वतंत्र खोली आणि उपकरणे सुकवण्याची सोय लेखी मिळाली पाहिजे. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा सोयीसुविधांनाही लागू आहे. पुरुष संघाला दुपारची वेळ आणि महिलांना पहाटेची, ही वाटणी मुकाट्याने मान्य करणे ही चूकच आहे.

तासांचा हिशोबही कच्चा राहतो. हंगामात खेळाडूला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ जुंपता येत नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टीचा द्यावा लागतो. सामन्याचा दिवस तीन तासांचा धरला जातो. शुक्रवार-शनिवारचे दोन सामने वजा केले की सराव, व्यायाम आणि चित्रफितींचे विश्लेषण यांसाठी १४ तास उरतात. त्यात दहा डावपेच शिकवायला गेल्यास एकही धड बसत नाही. बचावक्षेत्रातून पक (खेळातली रबरी चकती) बाहेर काढण्याची एक पद्धत आणि शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, एवढे पहिल्या सहामाहीत पक्के झाले तरी पुष्कळ.

सामन्याच्या तीन सत्रांपैकी दोन बरोबरीत आणि तिसऱ्यात चार गोल खाणे, हे नव्या संघाचे नेहमीचे दुखणे आहे. प्रशिक्षक त्याचे खापर मानसिकतेवर फोडतात. कारण बहुधा साधे असते: भीतीपोटी पहिल्या दोन फळ्यांनाच (आळीपाळीने बर्फावर उतरणारे खेळाडूंचे गट) खेळवत राहिल्यामुळे बर्फावरची चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची खेप सव्वा मिनिटाची होते. विद्यापीठांच्या महिला हॉकीत अंगावर धडक देण्यास बंदी आहे; थकलेले पाय मागे पडले की काठीने अडवणे आणि पाय अडकवणे सुरू होते व शिक्षा वाढतात. चौथ्या फळीला पहिल्या सत्रातच बर्फावर उतरवावे, एखादा गोल पडला तरी.

पैशांबाबतची चूक सर्वांत उशिरा कळते. नॉर्थ डकोटाने मार्च २०१७ मध्ये आपला महिला संघ बंद केला. अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातल्या लॅमुरू जुळ्या बहिणी जिथे खेळल्या, तोच हा संघ. रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने मे २०२१ मध्ये हॉकी थांबवली, तेव्हा महिला संघ आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा) जिंकून नुकताच एनसीएए स्पर्धा खेळून आला होता. म्हणजे विजय हे संरक्षण नाही. पहिली पाच वर्षे खर्च कशातून भागणार, देणगी एकदाच येणार की तिचे व्याज दरवर्षी मिळणार, संघ बंद झाल्यास मुलींच्या शिष्यवृत्त्यांचे काय, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि भरतीच्या वेळी पालकांनाही सांगावे. रॉबर्ट मॉरिसचा संघ समर्थकांनी निधी उभारल्यावर २०२३-२४ मध्ये परतला. तोवर खेळाडू इतर विद्यापीठांत पांगल्या होत्या आणि यादी जवळपास पहिल्या नावापासून पुन्हा लिहावी लागली.